हंड्याच्या तळाशी बसलेलं शेत

आषाढात ओढ्याला गढूळ पाणी आलं की आई देवळीतला तुरटीचा खडा काढायची. भरलेल्या पितळी हंड्यात तो चार-पाच वेळा गोल फिरवायची आणि वर झाकण ठेवायची. सकाळपर्यंत पाणी निवळायचं. वरचं पाणी अलगद कळशीत ओतून घेतलं की तळाशी बोटभर तांबूस गाळ राहायचा, लोण्यासारखा मऊ. तो वाटेल तिथे फेकायची मुभा नव्हती. परसात वांग्याची चार रोपं असायची, त्यांच्या आळ्यात ओतायचा. आप्पा म्हणायचे, "पोरी, हे कुणाचं तरी वावर हाय. सांभाळून वत."

पुढे पस्तीस वर्षं मी भूगोल शिकवला. 'मृदेची धूप' हा धडा आला की मी पुस्तक मिटायचे आणि हा हंडा सांगायचे. मुलांना व्याख्या पाठ होत नसे, पण हंडा विसरत नसत.

माझं गाव महाळुंगे पडवळ. तालुका आंबेगाव, पण जुन्नरची शीव जवळ. दक्षिणेला घोड नदी, उत्तरेला मीना, आणि मधल्या टेकड्यांच्या उतारावर आमची शेतं. बाहेरच्या माणसाला गावाचं नाव ठाऊक असतं ते हुतात्मा बाबू गेनू सैद यांच्यामुळे. १९०८ साली इथल्या एका गरीब शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. पोटासाठी ते मुंबईच्या गिरणीत गेले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला विलायती कापडाचा ट्रक अडवताना त्याच्या चाकाखाली त्यांनी प्राण दिले. दर वर्षी त्या दिवशी गावात कार्यक्रम होतो, मुलं भाषणं करतात. आप्पा ऐकून घरी आले की म्हणायचे, "समदी पोरं मरण सांगत्यात. गाव का सोडलं ते कुनी सांगत न्हाई." त्यांच्या मते उत्तर पायाखालीच होतं. वीतभर माती, खाली मुरूम. एखादा वळवाचा पाऊस जोरात झाला की त्या वीतभरातलीही दोन बोटं ओढ्याला जायची. घरटी एक माणूस मुंबईला जायचा, कारण माती त्याच्याआधी निघून गेलेली असायची.

म्हणून आमच्या खोऱ्याचा इतिहास मला राजांच्या नावांनी आठवत नाही. माती कोणी धरली आणि कोणी सोडली, या हिशेबाने आठवतो.

आमच्याकडे बांध दोन जातीचे. एक हद्दीचा. इंग्रजांनी १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हाताखाली जमिनीची नवी मोजणी सुरू केली, आणि पुढे ती गावोगाव गेली. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, प्रत्येक नंबराला हद्द. त्या हद्दीच्या बांधावरून आजही भावाभावांत कज्जे चालतात. दुसरा बांध म्हणजे ताल. ती उताराला आडवी असते. खालच्या अंगाला मोठे दगड रचायचे, फटीत लहान दगड ठोकायचे, वरच्या अंगाला माती लोटायची. पावसाचं पाणी तालीला येऊन थांबतं, त्यातला गाळ तिथेच बसतो, आणि जादा पाणी कोपऱ्यातल्या सांडव्यावरून खालच्या शेतात उतरतं. दर वर्षी ताल चार बोटं वर चढवायची. बाप सुरू करतो, नातू त्यात ज्वारी पेरतो. हद्दीचा बांध सांगतो की माती कुणाची. ताल सांगते की माती राहणार का. मोजणीच्या कागदाला पहिल्या बांधाची काळजी होती. दुसऱ्याची काळजी ज्याची त्यालाच घ्यावी लागली.

तालीतली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे सांडवा. पाणी जिथून पडतं तिथे खाली सपाट दगड बसवलेला नसेल तर पडणारं पाणी माती उकरतं, मग दगड हलतो, मग खांड पडते, आणि एका रात्रीत तीन वर्षांची माती ओढ्याला लागते. आप्पा मोठ्या पावसात कांबळ्याची खोळ घेऊन रात्री शेतात जायचे. पीक पाहायला नव्हे, सांडव्याचा दगड पाहायला.

ही विद्या किती जुनी? आमचीच घोड नदी खाली शिरूर तालुक्यात जाते. तिथे इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुराविदांनी १९६८ मध्ये उत्खनन सुरू केलं आणि पुढची दहा-बारा वर्षं ते चालू ठेवलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती तिथे निघाली. मातीची घरं, धान्याच्या कणग्या, अंगणात पुरलेली माणसं. त्या सगळ्यांत मला धरून ठेवते ती एक गोष्ट: पुराचं पाणी वळवून आणणारा पाट आणि त्याच्या कडेचा दगडमातीचा बांध. म्हणजे लोखंड हातात येण्याच्या आधीपासून घोडेच्या काठची माणसं पाणी आणि गाळ अडवण्यासाठी एकत्र राबत होती. एवढा बांध एका घराचं काम नव्हे. बांध आहे याचा अर्थ गावकी होती.

जुन्नरच्या लेण्यांत आणखी एक खूण आहे. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे शहर. इथल्या लेण्यांच्या शिलालेखांत दानांची यादी कोरलेली आहे. कुणी पाण्याचं टाकं दिलं, त्याला लेखात 'पोढी' म्हटलंय. आणि एका लेखात एका शकाने शेतजमिनीचं उत्पन्न दिलंय ते झाडं लावण्यासाठी: करंजाची झाडं आणि वडाची झाडं. मी विद्यार्थ्यांची सहल घेऊन जायचे तेव्हा या लेखाजवळ थांबायचे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की झाड लावणं हे दगडावर कोरून ठेवण्याइतकं पुण्याचं काम आहे.

माझ्या पिढीसाठी मात्र इतिहास सुरू होतो १९७२ च्या दुष्काळापासून. मी तेव्हा पाचवीत होते. विहिरीला तळ दिसला होता आणि घरात रेशनची तांबडी ज्वारी, मिलो, शिजत होती. गावोगाव दुष्काळी कामं निघाली. कुठे खडी फोडणं, कुठे पाझर तलाव, कुठे बंडिंग. आई बंडिंगवर जायची. टोपलीत मुरूम भरायचा, डोक्यावर घ्यायचा, आखलेल्या रेघेवर नेऊन टाकायचा. लहान पोरांना सुकडी मिळायची. तिची गोड चव अजून जिभेवर आहे. आईच्या टाळूवरचे केस टोपलीने विरळ झाले ते पुन्हा आले नाहीत. संध्याकाळी घरी आली की ती आप्पांना सांगायची, आज साहेबाने रेघ कुठून कुठे मारली. आप्पांना ती रेघ पाहायची उत्सुकता असायची. एकदा ते स्वतः बघायला गेले आणि आले ते खूश होऊन: "साहेब शिकल्याला हाय, पर रेघ आपल्या तालीचीच हाय."

ती रेघ साहेबाकडे कशी आली, हे मला पुढे वाचनातून कळलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. कानिटकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यातली गावं घर न् घर, शेत न् शेत तपासली. त्यांनी अभ्यासलेलं जातेगाव बुद्रुक शिरूर तालुक्यातलंच. कानिटकरांनी पुढे कोरडवाहू शेतीला वाहून घेतलं. १९३३ च्या आसपास सोलापूरच्या संशोधन केंद्रात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक साधा, पण आपल्या देशाला नवा प्रयोग मांडला. उतारावर सारख्या मापाचे तुकडे पाडले. एक उघडा, एकावर पीक, एकावर गवत. प्रत्येकाच्या खालच्या टोकाला टाकी. पाऊस पडला की टाकीत किती पाणी आलं आणि त्यात किती माती आली, हे मोजायचं. पाहायला गेलं तर तो आमच्या आईचाच हंडा होता. फक्त कुठलं शेत वाहून आलं हे त्या टाकीवर लिहिलेलं होतं.

अशा मोजमापांच्या पायावर १९४२ साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. एका शेतापुरतं न पाहता सगळ्या पट्ट्याची योजना करायची, बांध समपातळीत घालायचे, हद्दी आड आल्या तरी. पाणी सातबारा वाचत नाही, हे सरकारी कागदाने पहिल्यांदा मान्य केलं. बहात्तरच्या दुष्काळात लाखो बायामाणसांनी जे बांध घातले, त्यांच्यामागे ही वाट होती. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला. आईच्या डोक्यावरची टोपली अशी कायद्यात पोचली.

१९८४ साली मला नोकरी लागली ती तालुक्याच्या पश्चिम टोकाला, एका आश्रमशाळेत. महाळुंग्याहून पश्चिमेला जावं तसा पाऊस वाढत जातो आणि जमीन उभी होत जाते. घोड नदी तिकडे आहुप्याच्या डोंगरात उगम पावते. शाळेतली मुलं बहुतेक महादेव कोळी समाजाची. पहिल्या उन्हाळ्यात एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला आग्रहाने पडकई पाहायला नेलं.

सपाट जमीन नसलेल्या मुलखात भाताचं खाचर घडवण्याची ही रीत. दहा-पंधरा घरं एकत्र येतात. आज याच्या उतारावर, उद्या त्याच्या. ज्याच्याकडे काम असतं तो सगळ्यांना जेवू घालतो. मजुरी नाही, हिशेबाची वही नाही, पण कुणाची पाळी कधी हे सगळ्यांना तोंडपाठ. वरचा चढ खणायचा, खालच्या बाजूला दगडांची ओळ रचायची, खणलेली माती त्या दगडांमागे लोटायची, आणि असं करत करत उभ्या डोंगराला पायऱ्या पाडायच्या. आमच्या पूर्व भागात नांगरटीला इर्जिक असते, सावडीने खुरपणी होते. पण त्या एका हंगामाच्या गोष्टी. पडकईत माणसं एकमेकांना जमीन घडवून देतात.

पावसाळ्यात मी तीच खाचरं पुन्हा पाहिली. वरच्या खाचरात पाणी चिखलाच्या रंगाचं, त्याच्या खालच्यात जरा फिकं, आणि सहाव्या-सातव्या पायरीवरून ओढ्यात पडणारं पाणी जवळजवळ नितळ. सगळा डोंगर तुरटी फिरवलेल्या हंड्यासारखं काम करत होता.

या लोकांचा इतिहासही मातीशी बांधलेला. पूर्वी ते डोंगरउतारावर जागा बदलत नाचणी, वरई, सावा घ्यायचे. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजायचे. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगल राखीव होत गेलं आणि या रीतींवर निर्बंध आले. दोष आदिवासींच्या माथी आला, आणि त्याच काळात ठेकेदारांच्या कुऱ्हाडी व कोळशाच्या भट्ट्या मात्र चालू राहिल्या. तरीही देवराया टिकल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा जो अभ्यास केला, त्याने शिकलेल्या जगाला कळलं की देवाच्या नावाने राखलेलं झाडांचं बन म्हणजे झऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर आहे. हिरड्याचीही तीच गोष्ट. बाळहिरडा वेचून चार पैसे मिळतात म्हणून माळावरचं झाड उभं राहतं, आणि झाड उभं राहतं म्हणून खालची माती राहते.

मग डिंभ्याचं धरण आलं. घोडेवरचं हे धरण २००० च्या सुमारास पुरं झालं. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांतलं हे एक. बाकीची येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ आंबेगाव या पाण्याखाली गेलं. जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनू सागर. मातीने पोट भरलं नाही म्हणून गेलेल्या मुलाच्या नावाने आता एवढं पाणी उभं आहे, की त्याच्या कालव्यांनी आमचा पूर्व भाग हिरवा झाला. ऊस, टोमॅटो, कांदा, फुलं. मी हे ऋण मानते. पण ज्यांच्या खाचरांवर ते पाणी उभं आहे ती माझ्या शाळेतली मुलं होती. त्यांच्या आईबापांनी बुडीत जमिनीच्या वर, आणखी उभ्या चढावर, पुन्हा पडकई सुरू केली. 'शाश्वत' या संस्थेने त्यांच्यासोबत राहून हे काम रोजगार हमीत बसवून घेतलं, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेऱ्यावर शेती करण्याचा हक्क मागितला, जलाशयातल्या मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी सोसायटी उभी राहायला मदत केली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या संस्थेला मिळाला, तेव्हा पडकई हा आमच्या डोंगरातला शब्द दूरदेशी पोचला.

दोन वर्षांनी, ३० जुलै २०१४ च्या सकाळी, माळीण गेलं. डोंगराचा कडा सुटला आणि अख्खं गाव चिखलाखाली आलं. एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. १५१ माणसं गेली. शाळा तेवढी उभी राहिली. कारणांवर पुष्कळ चर्चा झाली. पाऊस अफाट होता, आणि डोंगराच्या अंगातही दोष होते. उतारावर झालेल्या सपाटीकरणाकडेही बोट दाखवलं गेलं. मी भूवैज्ञानिक नाही, म्हणून निवाडा करत नाही. पण हाताने रचलेली पडकई आणि यंत्राने एका दिवसात कापलेला उतार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हाताला दगड लागला की माणूस थांबतो, पाणी कुठून झिरपतंय ते पाहतो, सांडवा काढतो. यंत्राच्या दातांना थांबायला कारण नसतं.

त्या वर्षी माझ्या वर्गातली दोन बाकं बराच काळ रिकामी होती. मुलं नातेवाईक गमावून बसली होती. धूप हा धडा शिकवण्याची मला हिंमत होईना. मग पुढच्या पावसाळ्यात मी मुलांना काचेच्या बाटल्या दिल्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी भरून आणायचं: एक देवराईतून येणाऱ्या ओहोळाचं, एक पडकईच्या शेवटच्या सांडव्याखालचं, एक नव्या रस्त्याच्या कापलेल्या दरडीखालचं, एक यंत्राने सपाट केलेल्या शेताखालचं. बाटल्या खिडकीत ओळीने मांडल्या, नावं चिकटवली. दुसऱ्या दिवशी मुलं शाळेत आली ती थेट खिडकीकडे गेली. देवराईच्या बाटलीत तळाशी नुसती रेघ. पडकईच्या बाटलीत बोटाचं एक पेर. बाकीच्या दोन बाटल्यांत निम्म्याला गाळ. कुणी काही बोलत नव्हतं. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, हे आमचं वावर हाय." मी आप्पांची गोष्ट त्या वर्गाला अजून सांगितली नव्हती.

ही बाटल्यांची ओळ मी माझ्या भाचीला एकदा फोनवर दाखवली. ती ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला सागरी विज्ञान शिकते. ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे अशीच बाटली समुद्रात आहे, आणि ती शेकडो वर्षांची आहे."

ती पोवळ्याबद्दल बोलत होती. अंगठीत घालतो ते पोवळं म्हणजे समुद्रातल्या इवल्याशा जिवांनी बांधलेलं चुन्याचं घर. टाउन्सव्हिलसमोरच्या ग्रेट बॅरियर रीफमध्ये असे प्रवाळ शतकानुशतकं वाढतात, आणि झाडाच्या खोडासारख्या त्यांच्या अंगात वर्षांच्या रेघा उमटतात. पीटर इस्डेल यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की अशा प्रवाळाचा काप अतिनील प्रकाशात धरला की काही रेघा उजळून दिसतात. त्या नदीला मोठा पूर आलेल्या वर्षांच्या. मग २००३ मध्ये माल्कम मॅककलक आणि सहकाऱ्यांनी त्याच रेघांतलं बेरियम मोजलं. हे मूलद्रव्य नदीच्या चिखलकणांना चिकटून येतं, खाऱ्या पाण्यात सुटतं आणि प्रवाळ ते चुन्यासोबत आपल्या अंगात घेतो. चिखल जास्त, तर बेरियम जास्त. बर्डेकिन नदीच्या पुराचं पाणी जिथवर पोचतं तिथल्या प्रवाळांनी साक्ष दिली ती अशी: १८७० च्या आधी रेघा शांत, आणि त्यानंतर नदीने आणलेली माती पाच ते दहा पट. त्याच दशकाच्या आसपास गोऱ्या वसाहतकऱ्यांनी नदीच्या खोऱ्यात गुरंमेंढरांचे मोठे कळप आणले होते. गवत गेलं, जमीन उघडी पडली, ओघळींच्या घळी झाल्या. समुद्रात राहणाऱ्या जिवाने डोंगरावरच्या गुरांची नोंद ठेवली.

चिखलाने प्रवाळाचं काय होतं, हेही तिने समजावलं. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हावर अन्न तयार करून त्याला भरवतं. पाणी गढूळ झालं की ऊन पोचत नाही. गाळ अंगावर बसला की श्वास कोंडतो. आणि उसाच्या शेतातून वाहून आलेला नत्र पाण्यात मिसळला की नको ते शेवाळ माजतं. म्हणून तिथे आता समुद्र वाचवायला माणसं शेतात काम करतात. गवत राखणं, ओढ्याकाठी गुरांना कुंपण, घळी बुजवणं, खत मोजून देणं. मी ऐकत होते आणि मला समोर आईची टोपली दिसत होती.

आपल्याकडेही पोवळी आहेत. मालवणच्या किनाऱ्यालगत, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, जिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं पाण्याखालचं पठार. नद्यांच्या गाळापासून दूर असल्यामुळे तिथलं पाणी नितळ आणि प्रवाळ भरभरून. मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरही प्रवाळांच्या वसाहती सापडल्या, आणि किनारी रस्त्याच्या कामात काही उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. बाबू गेनू ज्या मुंबईत राबले, तिच्या काठालाही हा नाजूक जीव तग धरून आहे. भीमाशंकरच्या धारेवरून पश्चिमेला पडणारा थेंब कोकणात उतरून त्याच अरबी समुद्राला मिळतो.

आमचा थेंब मात्र पूर्वेला जातो. घोडेतून भीमेला, उजनीला, तिथून कृष्णेला, आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. वाटेत इतकी धरणं आहेत की आमची माती समुद्र पाहायच्या आधीच कुठेतरी बसते. म्हणजे आमचं पोवळं हे धरणाचा तळच. डिंभ्याच्या, चिंचणीच्या घोड धरणाच्या, उजनीच्या गाळात आमच्या पिढीचं वर्षावर्षाचं टिपण बसत चाललंय. कुणी उद्या त्याचा काप काढला तर बहात्तरचे बांध दिसतील, आणि यंत्रं आली ते वर्षही दिसेल.

त्या टिपणात तुरटीला न सापडणारंही काही असेल. टोमॅटोला, उसाला टाकलेल्या खतातला स्फुरद मातीच्या कणाला चिकटून जातो. पण नत्राचा बराच भाग नायट्रेट होऊन विरघळतो आणि विहिरीत उतरतो. रंग नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नसावं, असं भारतीय मानक सांगतं. आईच्या काळात गढूळ पाणी डोळ्यांना दिसायचं, म्हणून उपाय व्हायचा. आज नितळ दिसणाऱ्या पाण्याचीही प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी लागते. मी गावातल्या बायकांना हे सांगत फिरते, आणि सांगत राहणार आहे. कारण हंड्याच्या तळाशी जे बसत नाही, ते लेकरांच्या पोटात जातं.

निवृत्तीनंतर मी महाळुंग्याला परत आले. गेल्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि आप्पांच्या तालीला खांड पडली. वरच्या अंगाला माझ्या चुलत पुतण्याने टेकडी कापून टोमॅटोसाठी रान सपाट केलं होतं. तिथून आलेला लोंढा आमच्या सांडव्याला झेपला नाही. मी त्याच्याशी भांडले नाही. त्याच्यावर कर्ज आहे, टोमॅटोचा भाव त्याच्या हातात नाही, आणि जमीन वाढवायला त्याच्याकडे तेवढीच टेकडी होती. मी त्याच्या रानाच्या टोकाला वाहणारं पाणी एका बाटलीत भरलं आणि त्याच्याच ओट्यावर ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाटली घेऊन दारात आला. निम्मी बाटली गाळाने भरली होती. शेणखत घातलेली, पोसलेली त्याची माती.

"आत्या," तो म्हणाला, "एका रात्रीत एवढी जाती?"

"एका रात्रीत एवढी बाटलीत आली. गेली किती ते ओढ्याला विचार."

तो बराच वेळ बाटली उजेडाला धरून उभा होता. मग म्हणाला, "आजोबांचा सांडवा कसा होता, दाखवता का?"

आम्ही दोघं तालीवर गेलो. आप्पांनी बसवलेला सपाट दगड खांडीतून सात-आठ हात खाली घरंगळला होता. पुतण्याने आणखी तिघांना हाक मारली. त्या चौघांनी पहार लावून तो वर आणला, आणि तो कुठल्या तोंडाने बसतो ते मी सांगितलं: रुंद बाजू खाली, किंचित कल पुढे, म्हणजे पाणी त्यावर पसरतं, एका जागी उकरत नाही. मग सगळे तसेच वर गेले, त्याच्या रानात, आणि त्याच्या टोकाला उताराला आडवी पहिली ओळ रचायला लागले. दुपारी भाकरी मी केल्या. संध्याकाळी बाटलीतला गाळ परसातल्या वांग्याच्या आळ्यात ओतला, सांभाळून.